उजेडात धर बघू

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर माणूस पहिल्यांदा काय बघतो, यावरून माणसांचे प्रकार पाडता येतील. कुणी टीव्ही किती इंची आहे ते बघतं, कुणी फरशी बघतं, कुणी फ्रिजवर चिकटवलेली बिलं वाचतं. आमच्या वन्सं पडद्याची मागची बाजू बघतात. चहाला हो-नाही म्हणायच्या आत त्या खिडकीशी पोचलेल्या असतात. पडद्याचं टोक मुठीत धरून चुरगळायचं, सोडायचं, आणि सुरकुती किती वेळात निघते ते उभं राहून बघायचं. यजमानीणबाईंना वाटतं, धूळ बघतायत. त्या बिचाऱ्या घाईघाईनं सांगतात, "दिवाळीलाच धुतले होते हो." वन्संना धुण्याशी काही कर्तव्य नसतं. "पाठीवर चांगला पडेल," असं पुटपुटत त्या यजमानीणबाईंची पाठ न्याहाळत असतात.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. आयुष्यभर मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं. हेम, काजं, टीप, धावदोरा. रविवारी पेठेत फिरताना अजूनही एखादी पन्नाशीची बाई त्यांना बघून पटकन पदर नीट करते, कारण कधीकाळी तिचं काज सात वेळा उसवायला लावलेलं असतं. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात, भिशी लावतात, गुडघे बदलतात. वन्संनी घरातलं कापड आणि उजेड हे दोन विषय घेतले, आणि या दोहोंतून अंगावर घालायच्या वस्तू तयार करायला सुरुवात केली. 'वस्तू' मुद्दाम म्हणते. त्यातल्या काहींना बाह्या कुठे आहेत ते अजून घरात कुणालाही सांगता आलेलं नाही.

अशी माणसं प्रत्येक घरात एखाद-दुसरी तरी असतात. कुठलीही गोष्ट आपल्या जागी सुखानं नांदतेय हे त्यांना बघवत नाही. अभ्रा उशीवर आहे म्हणजे तो तिथे फुकट चाललाय. पंचा दोरीवर वाळतोय म्हणजे कुणीतरी त्याच्यावर अन्याय केलाय. वन्संच्या तोंडी दिवसातून दहादा येणारं वाक्य म्हणजे, "उजेडात धर बघू." कापडाची परीक्षा हातानं नाही, उजेडानं करायची, असं त्यांचं म्हणणं. समोर धरायला लावतात, मग मागून खिडकी आली पाहिजे. उभा धागा किती दाट, आडवा किती सैल, कुठे विरलंय, कुठे रफू आहे, सगळं लख्ख दिसतं. आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो की हात वर करून उभे असतो. पोस्टमनसुद्धा एकदा मच्छरदाणीचं टोक धरून उभा होता.

दुसरं आवडतं वाक्य, "यात अजून चाळीस वर्षं आहेत." हे विरलेल्या कापडाबद्दलच म्हणायचं असतं. नव्या, कोऱ्या कापडाकडे त्या ढुंकून बघत नाहीत. आमच्या स्वयंपाकघरात चक्का बांधायचं मलमलचं फडकं होतं. दर पाडव्याला दह्याचं पाणी गाळून गाळून, उकळून उकळून ते इतकं मऊ झालं होतं की घडी केली की चिमटीत मावायचं. एका पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी वन्सं आल्या. नळाला बांधलेल्या पुरचुंडीकडे बघत राहिल्या. "चक्का काढून ठेव आणि हे मला दे." मी म्हटलं, "वन्सं, अहो पाणी अजून निथळतंय." त्या म्हणाल्या, "असा उजेड कुठल्या दुकानात मिळणार नाही. ताग्यातल्या मलमलला खळ असते, ही आता नुसती हवा राहिलीय." त्या वर्षी श्रीखंड विकतचं आलं. फडक्याच्या दोन बाह्या झाल्या. मनगटाशी आतून एकेक बारीक दिवा लावला की दंडापर्यंत फिक्कट पिवळा उजेड चढत जातो. सुंदर दिसतं, हे कबूल करते. फक्त जवळ गेलं की अजून किंचित आंबट वास येतो.

उजेडाचा नाद लागल्यापासून लक्ष्मी रोडवर त्यांच्याबरोबर जाणं हा एक स्वतंत्र पराक्रम झाला आहे. साडीचा रंग बघायला दुकानाबाहेर आपण सगळ्याच जातो. मागोमाग विक्रेताही येतो आणि साडीचं दुसरं टोक धरून उभा राहतो, त्यात नवीन काही नाही. वन्सं मात्र आतले दिवेसुद्धा बंद करायला लावतात. त्यांच्या पर्समध्ये दोन टॉर्च असतात, एक पिवळसर, 2700 केल्विनचा, आणि एक निळसर पांढरा, 6500 केल्विनचा. दोन्ही आळीपाळीनं कापडावर मारायचे. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात फटकून वागतात, कारण दोघांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक दिव्याच्या उजेडात सगळे रंग सारख्या प्रमाणात नसतात. हे त्यांनी शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. सांगितलं कुणाला, तर मॅचिंग सेंटरच्या मालकाला. दुपारची वेळ, पाच बायका ब्लाउजपीस धरून ताटकळलेल्या, आणि ह्या शांतपणे म्हणतात, "मॅचिंग असं काही नसतंच हो. ते फक्त तुमच्या ट्यूबपुरतं असतं." पाचातल्या तीन बायका उन्हात बघायला म्हणून बाहेर गेल्या आणि परत आल्या नाहीत. आता वन्सं दिसल्या की तो माणूस कुठल्याही रंगाचा अस्तराचा तुकडा फुकट काढून देतो.

तपकीर गल्लीत मात्र त्यांना मान आहे. पुण्यात वायर, रेझिस्टर, एलईडी जे लागेल ते या गल्लीत मिळतं, आणि तिथली पोरं घासाघीस करणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना सरावलेली. पहिल्यांदा गेल्या तेव्हा काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "काय, आकाशकंदील करताय का काकू?"

"नाही. परकर."

तो मुलगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "तीन व्होल्टचा की बारा?"

तिथून मैत्री जमली. लाल एलईडीला दोन व्होल्टच्या आसपास लागतात, पांढऱ्याला तीनच्या, बटणासारखा सेल तीन व्होल्टचा असतो, हे सगळं आता वन्सं शिवणाच्या मापासारखं पाठ म्हणतात. सेल ठेवायला चोरखिसा. "आपल्या आज्या यात नाणी ठेवायच्या, मी वीज ठेवते." वायरीऐवजी चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा मिळतो, त्यातून वीज वाहते. त्यानं धावदोरा घातला की टाका हीच वायर. फक्त दोन दोरे एकमेकांना चिकटले की शॉर्ट होतं, आणि शिवणाच्या तासाला ज्यांची टीप वाकडी जायची अशा त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींच्या बाबतीत हे होतंच. "बघ," वन्सं समाधानानं म्हणतात, "तेव्हा नुसते मार्क जायचे. आता दिवा लागत नाही."

दोष निघायचा तो मे महिन्यात निघाला. घामात मीठ असतं आणि खारट पाण्यातून वीज जाते. माझ्या मुलीच्या अंगावरचा झगा तिला घाम फुटला की फुरफुरायला लागायचा आणि पंख्याखाली आली की शांत व्हायचा. मुलगी म्हणाली, "आत्या, हा ड्रेस माझ्याबद्दल सगळ्यांना सांगतो." आत्याला ती फार मोठी दाद वाटली.

आता तो मल्टिमीटरचा प्रसंग. वन्संनी कुठेसं वाचलं की अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 1990च्या दशकात कापडातून वीज खेळवायचे प्रयोग झाले, तेव्हा तिथल्या लोकांनी वापरलं ते रेशमी ऑर्गंझा होतं, धातूची पातळ पट्टी गुंडाळलेल्या धाग्याचं. आणि असलं कापड भारतात कितीतरी आधीपासून विणलं जातं, असं त्या एमआयटीवाल्यांनीच लिहून ठेवलेलं. झालं. "म्हणजे जर!" खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. वीज वाहणारच. दोन दिवसांनी चुलत दिराच्या मुलाची मुंज होती. वन्सं मुंजीला मल्टिमीटर घेऊन आल्या.

त्या यंत्राची एक काडी पदराच्या एका टोकाला, दुसरी दुसऱ्या टोकाला लावायची. मधली तार अखंड असेल तर ते 'टीं' करतं. मातृभोजन चाललं होतं, बटूच्या तोंडात लाडू होता, आणि मागच्या रांगेतून टीं, टीं ऐकू यायला लागलं. आधी बायकांना गंमत वाटली. थोरल्या जाऊबाईंची पैठणी वाजली, त्यांनी चारी बाजूंना बघितलं. मामीसासूबाईंची वाजली. मग वन्सं धाकट्या काकूंकडे वळल्या. ह्या काकू येवल्याहून खास विणून आणलेल्या पैठणीबद्दल सकाळपासून बोलत होत्या, किंमत न सांगता किंमत कळावी अशा बेतानं. पदर धरला. काड्या टेकवल्या. शांतता. पुन्हा टेकवल्या. मंगलाष्टकांनाही अशी शांतता मिळत नाही.

"सेल संपला असेल," मी म्हटलं.

"छे, नवा आहे," वन्सं म्हणाल्या, आणि खात्रीसाठी जाऊबाईंचा पदर परत वाजवून दाखवला.

खरं तर यातून बाकीच्यांची जर खरी असल्याचंही सिद्ध होत नव्हतं, आणि वन्संनी ते लगेच सांगितलंही. तांब्याच्या तारेवर चांदी चढवलेली नकली जरसुद्धा वाजते, न वाजणारी जर बहुधा प्लास्टिकच्या चकाकत्या पट्टीची असते, तेव्हा वाजली म्हणून खरी असं नव्हे. एवढ्या स्पष्टीकरणानं जाऊबाई आणि मामीही दुखावल्या. सगळ्यांना सारखा न्याय मिळाला. मुंजीच्या आहेरात त्या वर्षी कुणी कुणाला साडी दिली नाही.

बाहेरच्या जगातलं काय चाललंय ते वन्संना नीट ठाऊक असतं, भाची त्यांना फोनवर व्हिडिओ दाखवते. त्यांचं दैवत म्हणजे हुसेन चलायन. सायप्रसमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये काम करणारा. सन 2000मध्ये त्यानं लंडनच्या सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात एक संग्रह दाखवला. रंगमंचावर बैठकीची खोली मांडलेली, खुर्च्या आणि मधे लाकडाचं गोल टेबल. मुली येतात, खुर्च्यांचे अभ्रे काढतात आणि ते कपडे म्हणून घालतात. खुर्च्यांच्या बॅगा होतात. शेवटी एक जण टेबलाच्या मधोमध उभी राहते, वर ओढते, आणि टेबलाचा कडीकडीनं उलगडणारा घागरा होतो. 2007मध्ये त्यानंच हजारो एलईडींचा झगा केला. वन्संना तो तितका भावला नाही. "उजेड दाखवायचा नसतो, झिरपवायचा असतो."

टेबलाचा प्रयोग आमच्याकडे झाला. टीपॉयवर. त्याबद्दल इतकंच सांगते की शेजारच्या आठवीतल्या मुलाला बाहेर काढायला सुताराला बोलवावं लागलं. सोफ्याच्या कव्हरांचा मात्र बेत साधला. वन्संच्या सोफ्याला सहा गुंड्या आणि दोन बंद आहेत, ते सोडले की लांब जाकीट तयार होतं. भर दुपारी त्यांच्याकडे गेलं आणि स्पंज उघडा दिसला की समजायचं, सोफा मंडईत गेलाय.

चलायनच्या त्या कल्पनेमागे घर सोडून पळावं लागलेली माणसं आहेत, 1974चं सायप्रस आहे. जे हातात येईल ते अंगावर घेऊन निघायचं. हे भाचीनं वाचून दाखवलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आईनं हेच केलं होतं." 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं, तेव्हा सासूबाई पलंगावरची सोलापुरी चादर ओढून, तिच्यात सापडलं ते बांधून, कडेवर वन्संना घेऊन निघाल्या होत्या. ती चादर नंतर घरात राहिली. वन्संनी ती जपून ट्रंकेत ठेवली असेल असं तुम्हाला वाटेल. त्यांनी सगळ्यांत आधी तीच कापली. माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, आईची चादर!" वन्सं म्हणाल्या, "ट्रंकेत तिला कसर लागली असती. एवढ्या पुरातून काय कसरीसाठी वाचवली होती?" तिची बिनबाह्यांची बंडी झाली आहे. सोलापुरी चादरीची नक्षी मागच्या बाजूनं रंग उलटून उमटलेली असते, म्हणून बंडी दोन्हीकडून घालता येते. भाजीला जाताना लाल, बँकेत जाताना पांढरी.

गोधडीवरून बहीण-भावाचा नेहमीचा वाद आहे. मार्टिन मार्जिएला नावाच्या बेल्जियन माणसानं 1999 साली रजईचा कोट केला आणि सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. नवरा म्हणतो, यात काय विशेष, आपले आजोबा पहाटे गोठ्यात गोधडी पांघरूनच जायचे. वन्सं म्हणतात, हो, पण त्यांनी बाही नाही ना काढली. मग नवरा अमिताभवर येतो. 1981च्या 'याराना'त त्यानं अंगभर दिवे लावून नाच केला होता, तेव्हा तुझा चलायन शाळेत होता, असं म्हणतो. वन्संना लुकलुकणारं काही चालत नाही. "गणपतीची आरास नाही ही." जपानच्या अत्सुको तानाकानं 1956मध्ये रंगीत बल्बांचा पोशाख करून स्वतः घातला होता, एवढं सांगून त्या 'याराना'ला पंचवीस वर्षांनी मागे टाकतात. नवऱ्याला दुसरं उदाहरण सुचत नाही. मग तो मुकाट्यानं सोल्डरिंग गन तापवायला घेतो, कारण दिवे जोडून देणारा तोच असतो.

हे सगळे कपडे घालून दाखवायचा वर्षाचा मोठा कार्यक्रम कोजागिरीला, आमच्या गच्चीवर. मसाल्याचं दूध उकळत असतं आणि वन्सं सेक्रेटरींना गच्चीतला हॅलोजन बंद करायला सांगतात. सेक्रेटरी म्हणतात, नियमानं दिवा हवा. वन्सं चंद्राकडे बोट दाखवतात. मॉडेल म्हणून आम्हीच. वजन, उंची, वय काही आडवं येत नाही. अट एकच, आतली बाजू उलटून दाखवता आली पाहिजे. एवढ्या प्रयोगशील बाईंना आतला लोंबता दोरा अजून सहन होत नाही. डिझाइनच्या कॉलेजातली दोन मुलं त्यांना भेटायला आली होती, काचांचा, आरशांचा, कसलासा थोर प्रकल्प घेऊन. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काज येतं का?" येत नव्हतं. ती मुलं अजून गुरुवारी काज शिकायला येतात.

गेल्या कोजागिरीला माझ्या वाट्याला मच्छरदाणी आली. जाळीचे दोन थर, एकावर एक सैल सोडलेले, आणि कमरेशी आतल्या बाजूला दिवा. दोन जाळ्या एकमेकींवरून सरकल्या की त्यांच्या भोकांच्या ओळी कुठे जुळतात, कुठे चुकतात, आणि त्यातून पाण्यावर उठाव्यात तशा लहरी दिसायला लागतात. जाळी इंचभर हलते, लहर हातभर धावते. मला यातलं काही दिसत नव्हतं, कारण मी आत होते. मी फक्त पाण्याच्या टाकीपासून जिन्यापर्यंत चालले, पायात वायर येऊ नये म्हणून देवाचं नाव घेत. दूध ढवळणाऱ्या बायकांचे हात थांबले. तळमजल्यावरचे जोशी, जे कशालाच चांगलं म्हणत नाहीत, ते म्हणाले, "परत एकदा जा बघू." मी परत गेले. दूध करपलं. त्यानंतर तीन बिऱ्हाडांनी आपापल्या मच्छरदाण्या आणून दिल्या आणि त्या आठवड्यात इमारतीत दोघांना डेंग्यूची तपासणी करावी लागली, सुदैवानं काही निघालं नाही.

"हे धुवायचं कसं?" हा माझा प्रश्न वन्संनी अजून मनावर घेतलेला नाही.

सध्या त्यांचं लक्ष घराबाहेर गेलंय. बांधकाम चाललेल्या इमारतींना जी हिरवी जाळी लावतात, ती त्यांना रिक्षातून दिसली. संध्याकाळचं ऊन मागून आलेलं. रिक्षा थांबवली. वॉचमन आत सोडेना, म्हणून ह्या सरळ विक्री कार्यालयात गेल्या. तिथल्या मुलीनं अदबीनं विचारलं, "मॅडम, काय बघताय?" वन्सं म्हणाल्या, "सकाळचा उजेड कुठल्या बाजूनं येतो ते बघतेय." त्या मुलीनं सरबत दिलं, लिफ्टनं नवव्या मजल्यावर नेलं, पूर्वेच्या खिडक्या उघडून दाखवल्या, आणि फॉर्म भरून घेतला. वन्सं जाळीचा दोन मीटर तुकडा पिशवीत घालून घरी आल्या. फॉर्मवर त्यांनी फोन नंबर भावाचा दिला होता.

तेव्हापासून माझ्या नवऱ्याला ऑफिसात, जेवताना, रविवारी सकाळी फोन येतायत. सर, मॅडमना पूर्वेचाच हवा होता ना, सर, या महिन्यात पार्किंग फुकट आहे. परवा तो वैतागून बहिणीकडे गेला. "ताई, काय सांगू आता त्यांना?"

वन्सं जाळी खिडकीत धरून उभ्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "पश्चिमेचा विचार. पूर्वेच्या खिडक्या फार लहान काढल्यात त्यांनी. आणि हे टोक धर जरा."